ताटलीएवढी काच

३ डिसेंबर, बुधवार

गाडी साफ होती!

रात्रभर बर्फ पडला. सकाळी साडेसहाला केयाला बोचक्यासारखं गुंडाळून खाली उतरले. हातात बर्फ खरवडायचा स्क्रेपर, तोंडात थंडीला शिव्या. बाहेर अजून काळोख. पार्किंगातल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या, फक्त माझी राखाडी! छप्पर, बॉनेट, काचा, आरसे, मागची नंबरप्लेटसुद्धा. कोणीतरी अगदी मन लावून साफ केलेली.

दुसरी एखादी बाई खूश झाली असती. मी मागे वळून बघितलं. केयाला आत बसवलं, दारं लॉक केली आणि गाडी सुरू न करता नुसती बसून राहिले. केया म्हणाली, "आई, वी आर लेट." पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार?

अनिश असं करायचा.

न्यू जर्सीत, आयसेलिनला असताना. रात्री जे व्हायचं ते व्हायचं — ते मला या वहीतसुद्धा लिहायचं नाही — आणि सकाळी माझी गाडी लखलखीत. बर्फाचा कण शिल्लक नाही आणि दोन्ही वायपर उभे. पुण्यात आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस काम झालं की वायपर उभे करून जायचा, मालकाला कळावं म्हणून. अनिशनं ते तिथूनच उचललेलं. पुसून टाकलं, झालं, आता तूही विसर! मग मी खाली उतरून ते वायपर खाली करायचे. म्हणजे मी माफ केलं. असा आमचा संसार.

आज वायपर खालीच होते. हे आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा लक्षच गेलं नाही.

४ डिसेंबर

झोप नाही. स्वतःला समजावतेय. तो न्यू जर्सीत आहे. मी मिनेसोटात, ईडन प्रेरीत. कोर्टानं त्याला आमच्यापासून लांब राहायला सांगितलंय. केयाला घेऊन इथे यायची परवानगी मला मिळालीय. पत्ता त्याला कळवलेला नाही. पत्ता माहीत आहे फक्त वकीलबाईंना, पुण्यात आईला आणि ऑफिसातल्या नैनाला. फेसबुक बंद. इथल्या मराठी मंडळात नाव घातलं नाही. कोणाच्या फोटोत उभी राहत नाही.

पण निघायच्या दिवशी तो जे बोलला ते कानातून जात नाही. ओरडला नाही. चहा ढवळत म्हणाला, "जा की. एक दिवस केया शाळेतून घरी येणार नाही, तेव्हा कळेल."

गाडी मात्र तीच आणली मी. नवी कुठून घेणार! नंबरप्लेट बदलली, पण डॅशबोर्डवर त्याच्या आईनं चिकटवलेला गणपती तसाच आहे. देवाला कसं खरवडून काढायचं?

५ डिसेंबर, शुक्रवार

नैनाला सांगितलं. ती इथलीच, आई-वडील ठाण्याचे पण ती जन्मली मिनियापोलिसला. माझ्या बाजूच्या टेबलावर बसते. अनिशचं सगळं माहीत असलेली इथली एकटी ती. जेवताना मी घास घोळवत सांगत होते, तर ही हसायलाच लागली!

"यार, दॅट इज सो मिनेसोटा! इथे लोक असंच करतात. माझ्या डॅडचा ड्राइव्हवे कोण साफ करतं ते आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं."

मग माझा चेहरा बघून म्हणाली, "वायपर वर होते का?"

"नाही. खाली."

"मग तो नाही. तूच म्हणालीस ना, त्याचं ते सिग्नेचर आहे?"

पटलं. निदान ऑफिसात बसून पटलं. घरी आल्यावर अंधार पडला — इथे साडेचारलाच पडतो — आणि परत पटेनासं झालं. त्याला कळत नसेल का, की वायपर बघून मी ओळखेन? हुशार आहे तो. हुशार म्हणूनच तर आईबाबांनी पसंत केला होता.

८ डिसेंबर

पडदे लावून जेवलो. केया विचारते, "व्हाय इज इट डार्क?" भीती वाटते म्हणायचं नाही. सिनेमा-सिनेमा खेळतोय म्हटलं.

१० डिसेंबर, बुधवार

परत बर्फ. परत गाडी साफ.

आज धीर करून आधी गाडीभोवती फिरले. पावलं होती. मोठी, पसरट. ओढत ओढत चालल्यासारखी. गाडीला दोन प्रदक्षिणा घातलेली आणि मग समोरच्या इमारतीकडे गेलेली. पुढे बर्फ काढणारा ट्रक फिरून गेला होता, त्यामुळे माग तिथेच संपला. अनिशच्या पायाचा नंबर दहा. ही दहाची आहेत का? ठशावर माझा बूट ठेवून बघितला, काही कळलं नाही. बर्फात सगळ्यांचीच पावलं मोठी होतात.

एक मात्र खरं. गाडी मी साफ केली असती तर अशी निघाली नसती. माझी उंची पाच फूट, हात छपरापर्यंत पोचत नाही, बोटं दोन मिनिटांत बधिर. मी ड्रायव्हरसमोर ताटलीएवढी काच खरवडते आणि निघते. बाकीचं हीटर बघून घेईल. अनिशला हे अजिबात चालायचं नाही. म्हणायचा, "तुला एक काम धड जमत नाही."

म्हणजे आता गाडी साफ दिसली तरी मला त्याचाच आवाज ऐकू येतो. काय आयुष्य आहे!

११ डिसेंबर

अपार्टमेंटच्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी छान, गोड बोलणारी. कॅमेरा फक्त गेटवर आहे म्हणाली, माझी जागा त्यात येत नाही. "समबडी इज क्लीनिंग युअर कार? लकी यू!" मी पण हसले. काय तक्रार करणार? माझं नुकसान काय झालं? पोलिसांना काय सांगू — साहेब, माझी गाडी कोणीतरी स्वच्छ करतंय, त्याला पकडा?

गराज मिळतंय का विचारलं. सगळी भाड्यानं गेलेली. यादीत नाव लिहून आले.

१५ डिसेंबर, सोमवार

आज फार वाईट झालं.

थंडी उणे तेरा. गाडी साफ, काचेवर मात्र ओघळ गोठलेले. ड्रायव्हरचं दार उघडेना! ओढलं, धक्का दिला, खांदा लावला. मागचं दार — तेही नाही. केया रडायला लागली, "इट्स स्टक! आई, इट्स स्टक!" मला वाटलं, आता मागून कोणीतरी येणार. दार मुद्दाम चिकटवलंय, आम्ही इथेच उभं राहावं म्हणून. केयाला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि चारी बाजूंना बघत राहिले. कोणी नव्हतं. समोरच्या इमारतीत एका खिडकीत दिवा लागलेला, बस.

शेवटी डिकीतून आत शिरले. हो, मी! ऑफिसचा कोट घालून, मागच्या सीटवरून सरपटत. आतून लाथ मारून दार उघडलं. शाळेला उशीर, मीटिंगला उशीर.

केयाला सोडल्यावर दाराची फट नीट बघितली. पाणी गोठलं होतं. कोणीतरी गाडी ओल्या फडक्यानं पुसलीय. या थंडीत ओलं फडकं! आणि हँडलपाशी कापडाचा एक धागा गोठून चिकटलेला. लाल. नखानं काढला. जाडसर सुती.

पंचा? मिनेसोटात पंचा कोणाकडे असतो?

१६ डिसेंबर

रात्री आईला फोन केला. म्हणाली, "विनू, तू परत ये बाई पुण्याला." मग म्हणाली, "नाहीतर नको. इथले लोक सोडायचे नाहीत तुला." आईला सांगायलाच नको होतं. आता तिलाही झोप नाही.

अनिश पंचा वापरत नाही. पण त्याचे वडील वापरतात. ते अमेरिकेत आलेत का? आले असतील तर? तेही त्याच्याच बाजूचे.

१७ डिसेंबर

नैना म्हणाली, पुरे. गुरुवारी स्नो आहे, ती राहायला येते, केयाजवळ झोपते. मी पहाटे खाली जाऊन बघायचं कोण आहे ते. घरातून दिसत नाही ना — आमच्या खिडक्या तळ्याच्या बाजूला आणि पार्किंग मागे. मी म्हटलं, दोघी जाऊ. मग केया? हो, तेही आहेच.

मला जायचं नाही. पण न कळण्यापेक्षा कळलेलं बरं. असं म्हणतात तरी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सापडला!

क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

पाचला खाली गेले. मागच्या दाराला काच आहे, तिच्याआड उभी. एका हातात स्क्रेपर, दुसऱ्या हातात फोन, त्यावर पोलिसांचा ९११ टाईप करून ठेवलेला, फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी. बर्फ थांबलेला. साडेपाचच्या सुमाराला समोरच्या इमारतीतून एक आकृती निघाली. लांब कोट, डोकं झाकलेलं, हातात बादली. हळूहळू माझ्याच गाडीकडे.

ठरलं होतं की नुसतं बघायचं. पण त्यानं माझ्या गाडीला हात लावला आणि माझं डोकंच फिरलं. दार ढकलून धावत सुटले, स्क्रेपर वर धरून, "हू आर यू? गेट अवे! आय ॲम कॉलिंग द पोलीस!"

तो दचकला, मागे सरला, पाय घसरला आणि धाडकन बर्फात बसला. बादली कलंडली. दोन्ही हात वर. एका हातात लाल काठाचा पंचा. माकडटोपीतून आवाज आला,

"अगं बाई! मारू नको! मारू नको, बाप्पा!"

मराठी!

मी तशीच, स्क्रेपर डोक्याच्या वर. ते तसेच, बर्फात बसलेले. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. आता माझ्या मनात दुसरीच भीती — यांचं हाड मोडलं असेल तर? मीच मारला म्हातारा माणूस! हात देऊन उठवलं. म्हटलं, "काका, तुम्ही माझी गाडी का पुसता?"

म्हणाले, "गणपती दिसला ना काचेतून! म्हटलं, आपल्याच कोणाची तरी पोरगी आहे."

मी रडले. तिथेच, पार्किंगात. काका घाबरले, पंचा पुढे केला. तो ओला, म्हणता म्हणता कडक झालेला. मग हसायलाही आलं.

२० डिसेंबर, शनिवार

कालचं राहिलेलं. नाव जगन्नाथ काका. नागपूरचे. सप्टेंबरात लेकीकडे आलेत, फेब्रुवारीत परत. काल संध्याकाळी लेक शुभाताई त्यांना घेऊन आमच्याकडे आली, डब्यात सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबीरवडी, घेऊन. काकांना माझ्यासमोर बोलली.

"बाबा, इथे कोणाच्याही गाडीला असा हात लावतात का? ही होती म्हणून! दुसऱ्या कोणी गोळी घातली असती!"

काका खाली बघत चहा पीत राहिले. तिचं चुकत नव्हतं. मी काय करणार होते त्या स्क्रेपरनं?

काकांची बाजू अशी. नागपूरला रोज पहाटे उठून स्कूटर पुसायची, चाळीस वर्षांची सवय. पुसल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. इथे लेकीची गाडी गराजमध्ये, तिला धूळही लागत नाही. झोप चारलाच उडते. हॉलच्या खिडकीत उभं राहून पार्किंग बघायचं, एवढंच काम.

"तर एक दिवस तू दिसली. एवढीशी ताटलीएवढी काच साफ करून तू जाऊन राहिली होती. मागे लेकरू. मला वरून पाहूनच धडकी भरली, बाई! एवढ्याशा भोकातून समोरचं दिसते. बाजूनं कोण येऊन राहिलं ते कुठे दिसते?"

मी मान खाली घातली.

पाण्याचं मी सांगितलं. काकांना ते माहीतच नव्हतं! "पाण्यानं काच चांगली निघते ना... म्हणून तू त्या दिवशी डिकीतून घुसली काय? मला वाटलं, काऊन घुसून राहिली ही?" नैना आणि शुभाताई हसून हसून बेजार. मीही.

जाताना मी सहज विचारलं, काका, वायपर कधी वर केलेत का? म्हणाले, "वायपरला मी हात नाही लावत. शुभाचा एक माझ्या हातून मोडला, तेव्हापासून नाही."

रात्री झोपले. सलग. किती दिवसांनी!

२६ डिसेंबर

आता आमचं ठरलंय. बर्फ पडला की काका कोरडा ब्रश घेऊन छप्पर आणि मागची काच, मी पुढची आणि बाजूच्या. पंचा बाद! मागचे दिवे आणि नंबरप्लेट केयाकडे. ती त्यांना आजोबा म्हणते आणि ते तिला मराठी शिकवतात, नागपूरचं. काल मला म्हणाली, "आई, काऊन रडून राहिली?" मी कांदा चिरत होते.

बर्फ नसला तरी काका खिडकीत असतात. आम्ही निघताना हात हलवतो, ते पंचा हलवतात.

६ जानेवारी

मोठं वादळ येणार म्हणून लोकांनी संध्याकाळीच आपापले वायपर उभे करून ठेवले, काचेला चिकटू नयेत म्हणून. इथे करतात तसं. पार्किंगात सगळीकडे वायपर वर. का ते मला माहीत आहे. तरी जिना दोन-दोन पायऱ्या करत चढले. माझे मी खालीच ठेवले. सकाळी चिकटलेले निघाले, सोडवायला अर्धा तास गेला. गेला तर गेला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काकांनी तिळगूळ दिला. शुभाताईंकडे शनिवारी हळदीकुंकू आहे, यायचंच म्हणाल्या. मी हो-नाही, हो-नाही. मंडळातल्या बायका असणार. नैना म्हणते, "गो! तू किती दिवस लपून राहणार?"

खरंच, किती दिवस?

१७ जानेवारी, शनिवार

गेले! काळी साडी नेसले, आईनं निघताना बॅगेत कोंबलेली. केयाला झबलं-टोपडं चालणार नव्हतं, तिनं स्वतःच सांगितलं, "आय ॲम नॉट अ बेबी." दहा-बारा बायका होत्या, वाण म्हणून सगळ्यांना स्क्रेपर! शुभाताईंची कल्पना. काका प्रत्येकीला सांगत होते, पूर्ण काच साफ करत जा. त्यांच्या हातात पंचा, आणि माझ्याकडे बोट दाखवून परत परत तीच गोष्ट — "ही मला मारायला धावली होती!"

फोटोच्या वेळी नेहमीसारखी मागे सरकले. शुभाताई म्हणाल्या, "अगं, ये ना, तुझ्यामुळे तर झालं हे सगळं." आणि मी गेले. मध्यभागी उभी राहिले, केयाला पुढे धरून. हसले. छान वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

नीना मावशींचा मेसेज. आयसेलिनला साडीचं दुकान आहे त्यांचं, मंगळसूत्र ओवून घ्यायला जायचे मी. "फोटो पाहिला गं! काळी साडी काय शोभते. केया किती मोठी झाली! अशीच हसत राहा."

कुठला फोटो? शुभाताईंना विचारलं. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून कोणाच्या तरी बहिणीनं तिकडच्या ग्रुपवर, तिकडून आणखी कुठे. खाली लिहिलेलं — ईडन प्रेरीतलं हळदीकुंकू, शुभाकडे. मागच्या खिडकीतून पार्किंग दिसतंय. माझी गाडी दिसतेय!

शुभाताईंचा दोष नाही, त्यांना मी सगळं सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. त्या रडायला लागल्या, लगेच फोटो काढून टाकला, सगळ्यांना काढायला सांगितला. सगळे म्हणजे किती? मोजायचं कोणी?

२१ जानेवारी

वकीलबाईंना फोन. म्हणाल्या, नोंद करून ठेवते. काहीही दिसलं तर वाट बघू नको, ताबडतोब पोलिसांना फोन कर, तुझ्याकडे कोर्टाचा कागद आहे. काहीही म्हणजे काय? इथे मी सगळ्यालाच घाबरते.

शाळेत सांगून आले, माझ्याशिवाय आणि नैनाशिवाय कोणाच्याही हाती केयाला द्यायचं नाही. परत सांगितलं. बाई म्हणाल्या, ऑगस्टातच लिहून दिलंय तुम्ही. तरी तिसऱ्यांदा सांगितलं.

नीना मावशींना लिहिलं, अनिशला काही बोलू नका. उत्तर आलं, "मी कशाला बोलते! पण अगं, तो ग्रुपवर आहेच की."

२२ जानेवारी

काही नाही.

२३ जानेवारी

काही नाही. दारावर कोणी टकटक केलं, मी बाथरूममध्ये केयाला घेऊन बसले. पार्सलवाला होता.

काकांना शुभाताईंनी सांगितलेलं दिसतंय. पहाटे ते खाली येऊन गाडीजवळ नुसते उभे होते, बर्फ नसताना. म्हटलं, काका, थंडी किती आहे, वर जा. म्हणाले, "मला काय झोप येऊन राहिली काय?" मी चहा नेऊन दिला.

२९ जानेवारी, गुरुवार

आज वाचलो. सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना — रस्त्यावर न दिसणारा बर्फ, ब्लॅक आइस म्हणतात ते. सरळ चौकात घसरत गेले. डावीकडून ट्रक येत होता. तो दिसला म्हणून चाक वळवून कडेच्या ढिगात घातलं. डाव्या काचेतून दिसला. ती काच पूर्ण साफ होती.

डिसेंबरातली ताटली असती तर? केया मागे गाणं म्हणत होती, तिला काही कळलंही नाही. संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी गणपतीला हात जोडले.

४ फेब्रुवारी

पंधरा दिवस होऊन गेले, काही झालं नाही. कदाचित त्यानं फोटो पाहिलाच नसेल. कदाचित पाहून सोडून दिला असेल. नैना म्हणते, त्याचंही आयुष्य आहे, मूव्ह ऑन झाला असेल. असेल. मी रोज थोडं थोडं तसं मानायला लागलेय. काल पडदा उघडा ठेवून जेवलो.

काका रविवारी जाणार. त्याचंच आता जास्त वाईट वाटतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

काकांना विमानतळावर सोडलं. शुभाताईंच्या मुलाला ताप, नवरा कामासाठी सांता क्लाराला, म्हणून मी म्हटलं, मी नेते. मी! हायवेवर! डिसेंबरात कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

काका पुढे बसले, मांडीवर पिशवी. सगळा वेळ काचेकडे बघत होते, माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास नसावा. विमानतळ आल्यावर म्हणाले, "आता मी नाही. तू रोज पंधरा मिनिटं आधी उतरशील काय?"

"उतरेन."

"पूर्ण काच?"

"पूर्ण काच, काका. शपथ."

केयाला पंचा दिला त्यांनी, धुऊन घडी घातलेला. ती मफलरसारखा गळ्यात घालून झोपलीय. ते उतरतानाच मला रडू येत होतं, परत गाडीत बसल्यावर रडले. भीतीनं नाही, बऱ्याच दिवसांनी नुसतं वाईट वाटलं म्हणून.

रात्री बर्फ आहे म्हणतात. गजर लवकरचा लावला.

९ फेब्रुवारी, सोमवार

लवकर उतरलो, शब्द दिला होता म्हणून. गाडी साफ होती. छप्पर, काचा, आरसे, नंबरप्लेट. मी हसले आणि सवयीनं समोरच्या खिडकीकडे बघून हात हलवला.

खिडकीत कोणी नव्हतं. काकांना काल मीच सोडून आले.

मग पुढची काच बघितली. दोन्ही वायपर उभे.

केयाला उचलून वर आले. दार आतून लावलंय, ती माझ्याजवळ आहे, पोलिसांना फोन केलाय, ते निघालेत. वायपर तसेच आहेत. मी ते खाली केले नाहीत.